भरतीचे सोळाशे आणि मैदानावरचे पाच हजार : मराठवाड्यातील महाविद्यालयीन धावपटूसाठी मार्गदर्शन

मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाच वाजता महाविद्यालयाच्या मैदानावर गेल्यास धावणारी मुले दिसतातच. त्यांतील बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. तेथे मुलांसाठी १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटरची धाव असल्यामुळे ही मुले रोज तेवढेच अंतर, त्याच मैदानावर, जीव खाऊन धावतात. कोणीतरी मोबाईलवर वेळ लावतो, आणि काल पाच पंचवीस लागले होते, आज पाच वीस लागले, एवढ्यावर त्या दिवसाचा हिशोब मिटतो. त्यात गैर काही नाही, कारण एका मुलाच्या भरतीवर अख्खे घर उभे राहिलेले आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. परंतु ज्या विद्यार्थ्याला ५००० किंवा १०,००० मीटर, क्रॉसकंट्री (मैदानाबाहेर, माळरानातल्या वाटेवरची धाव) अथवा ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्यावरून उड्या घेत धावायची शर्यत) धावून विद्यापीठाच्या संघात जायचे आहे, त्याने ही सवय आधी मोडली पाहिजे. लांब पल्ल्याच्या धावपटूला सर्वांत प्रथम हळू धावायला शिकावे लागते, आणि भरतीच्या मुलांनी भरलेल्या मैदानावर हळू धावणे हे वेगाने धावण्यापेक्षा अवघड आहे, कारण मागून येणारा प्रत्येक जण आपल्याला गाठून पुढे जात असतो.

मी हे सांगतो ते स्वतः ठेच लागल्यानंतर. पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मीही रोज सोळाशे मीटर पूर्ण जोर लावून धावत होतो आणि त्यालाच सराव समजत होतो. ऑगस्टमध्ये उजव्या नडगीत कळ येऊ लागली, सप्टेंबरमध्ये जिना उतरणे कठीण झाले, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या दिवशी मी मित्रांच्या बुटांच्या पिशव्या सांभाळत मैदानाच्या कडेला बसलो होतो.

हळू का धावायचे

५००० मीटरच्या धावेत लागणाऱ्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा शरीर प्राणवायूच्या साहाय्याने तयार करते. ही क्षमता वाढवायची तर स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट व्हावे लागते, पेशींमध्ये ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची संख्या वाढावी लागते आणि हृदयाच्या एका ठोक्यात अधिक रक्त बाहेर पडावे लागते. हे सर्व बदल संथ गतीने, जास्त वेळ, महिनोन्महिने धावल्याने होतात. दुसरी गोष्ट हाडांची. दम सहा-आठ आठवड्यांत वाढतो, पण हाडे आणि स्नायूबंध यांना तेवढे बळ यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो; म्हणूनच छाती तयार झालेला आणि नडगी तयार न झालेला मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हमखास लंगडतो.

किती हळू, याची खूण साधी आहे. शेजारी धावणाऱ्याशी न अडखळता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. जो विद्यार्थी ५००० मीटर १७ मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटे २४ सेकंद या गतीने धावतो, त्याची सोपी धाव किलोमीटरला साधारणतः ४ मिनिटे ५० सेकंद ते ५ मिनिटे २० सेकंद अशी असावी. आठवड्यातील एकूण अंतराचा सुमारे चार पंचमांश भाग याच गतीने झाला पाहिजे. मुलांना हे सांगितले की ती हसतात. भाजी आणायला निघाल्यासारखे वाटते, असे एकाने मला तोंडावर सांगितले होते. तसे वाटले तर सराव बरोबर चालला आहे, असे समजावे.

आपल्याच भागातले उदाहरण घ्यायचे तर बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेचे घ्यावे. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनमध्ये राहिला, आणि स्पर्धात्मक क्रॉसकंट्रीकडे २०१५ मध्ये, म्हणजे विशी गाठल्यावर वळला. २०१८ मध्ये त्याने भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ पासून टिकलेला ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ०९.९१ सेकंद अशी वेळ नोंदवली. पदके सर्वांच्या लक्षात राहतात. माझ्या मते विद्यार्थ्याने त्यातली वजाबाकी करावी. पहिल्या विक्रमापासून २०२४ च्या वेळेपर्यंत सहा वर्षांत सुमारे वीस सेकंद कमी झाले, म्हणजे वर्षाला तीन-साडेतीन सेकंद. आणि आपला मुलगा रोज पहाटे पाच सेकंद कमी करायला निघालेला असतो.

आधी मैदान मोजावे

सरावाचा आराखडा करण्यापूर्वी आपण ज्या ट्रॅकवर धावतो तो खरोखर किती मीटरचा आहे, हे टेप लावून पाहावे. तिसऱ्या वर्षी मी आमच्या मैदानावर ५००० मीटर १५ मिनिटे ४० सेकंदांत धावलो, वसतिगृहात पेढे वाटले, आणि पुढच्याच महिन्यात विद्यापीठाच्या स्पर्धेत त्याच अंतराला पन्नास सेकंद जास्त लागले. परत आल्यावर मित्राला घेऊन टेपने फेरी मोजली, तर फक्कीने आखलेला तो ‘चारशे’चा ट्रॅक ३८० मीटर भरला. साडेबारा फेऱ्यांत मी ४७५० मीटरच धावलो होतो. त्या गतीने पूर्ण अंतराला साडेसोळा मिनिटे लागणारच होती. विद्यापीठाचे घड्याळ बरोबर होते, आमची फक्की चुकली होती.

प्रमाणित ४०० मीटर ट्रॅकच्या सरळ बाजू प्रत्येकी ८४.३९ मीटर आणि अर्धवर्तुळाची त्रिज्या ३६.५० मीटर असते, व आतल्या कडेला उंचवटा असल्यास अंतर त्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजतात. आपल्याकडील अनेक मैदानांवर एवढी जागाच नसते. तेथे २०० मीटरचा ट्रॅक नीट आखणे शहाणपणाचे. दोन सरळ बाजू प्रत्येकी ४० मीटर घ्याव्यात, त्यांच्या दोन्ही टोकांना मधोमध खुंटी ठोकून १८.९० मीटर लांबीच्या दोरीने अर्धवर्तुळे काढावीत आणि त्यावर फक्की टाकावी. नुसती रेघ असेल तेव्हा अंतर रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेर धरतात, त्यामुळे या मापात फेरी बरोबर २०० मीटर होते. दोरी सुताची घेऊ नये. ती ओढली की ताणली जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. लोखंडी तार किंवा बांधकामावरची टेप वापरावी. एवढ्या लहान ट्रॅकवर वळणे तीव्र असतात, म्हणून एकाच पायावर ताण येऊ नये यासाठी गरम होण्याच्या आणि सोप्या फेऱ्या उलट दिशेने माराव्यात.

आठवडा कसा असावा

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आठवड्याला २५ ते ३० किलोमीटरपेक्षा जास्त धावू नये. तीन आठवडे थोडे थोडे वाढवावे, चौथ्या आठवड्यात एक चतुर्थांश कमी करावे, आणि पुन्हा वर चढावे. अशा रीतीने वर्ष-दीड वर्षात तो ६० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो, आणि महाविद्यालयीन पातळीवर ५००० मीटरसाठी तेवढे पुष्कळ होते.

वर सांगितलेल्या १७ मिनिटांच्या धावपटूचा भर हंगामातला आठवडा मी पुढीलप्रमाणे लावतो. सोमवारी आठ किलोमीटर सोपी धाव आणि शेवटी ८० मीटरच्या सहा मोकळ्या, सैल धावा. मंगळवारी तीन किलोमीटर गरम होऊन १००० मीटरच्या पाच धावा, प्रत्येकी ३ मिनिटे २४ सेकंदांत, म्हणजे २०० मीटरच्या ट्रॅकवर फेरीला सुमारे ४१ सेकंद. दोन धावांच्या मध्ये अडीच ते तीन मिनिटे हळू जॉगिंग करावे, उभे राहू नये, बसू तर नयेच. बुधवारी पुन्हा सोपी धाव. गुरुवारी २० मिनिटांची टेम्पो धाव, किलोमीटरला ३ मिनिटे ४५ ते ५० सेकंद या गतीने. ही गती ‘आरामात अवघड’ वाटावी; तुटक शब्द बोलता यावेत, गप्पा मारता येऊ नयेत. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी सोपी धाव आणि नंतर अर्धा तास प्लँक, बैठका, एका पायावरच्या बैठका व चवड्यांवर उभे राहण्याचे व्यायाम. रविवारी १५-१६ किलोमीटरची लांब धाव, गावाबाहेर, गाडीवाटेने.

मंगळवारच्या धावांत एक नियम कडकपणे पाळावा : पाचवी धाव पहिल्या धावेच्या वेळेत झाली पाहिजे. पहिली ३ मिनिटे १० सेकंदांत आणि पाचवी ३ मिनिटे ४० सेकंदांत धावणाऱ्याने सराव केला नाही, स्वतःशीच भरती दिली. प्रत्येक दिवसाचे अंतर, वेळ, झोप आणि दुखणे शंभरपानी वहीत लिहावे. घड्याळे आणि ॲप आहेतच, पण ‘डाव्या टाचेत सकाळी चमक, दहा मिनिटांनी गेली’ असली नोंद घड्याळ करत नाही, आणि पुढे दुखापतीचे मूळ शोधताना तीच कामी येते. उठल्याबरोबर अंथरुणातच मनगटावर बोटे ठेवून पूर्ण मिनिट नाडी मोजावी. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त भरले तर त्या दिवशी ठरलेला वेगाचा सराव रद्द करून सोपे धावावे किंवा पुन्हा झोपावे.

ऋतू आणि रस्ते

आपल्याकडचे वर्ष धावपटूला सरळ चालू देत नाही. जूनमध्ये महाविद्यालये सुरू होतात आणि पावसाबरोबर पाया घालण्याचे दिवस येतात; जून ते ऑगस्ट फक्त अंतर वाढवावे. काळ्या रानात त्या दिवसांत शिरू नये, दहा पावलांत बुटाला इतका चिखल चिकटतो की घोटा मुरगळल्याशिवाय राहत नाही. मुरमाचा रस्ता शोधावा. पाणी लवकर निचरते आणि डांबरी सडकेपेक्षा पायांना हादरा कमी बसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चढाचा सराव घ्यावा. छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना गोगाबाबा टेकडी आहे, अंबाजोगाई, आष्टी, पाटोदा या बाजूच्या मुलांना बालाघाटचे चढ दारातच आहेत. परभणी किंवा नांदेडकडच्या सपाट भागात पाझर तलावाच्या बांधाचा उतार चालतो. साठ ते नव्वद सेकंद चढ धावून चालत खाली यावे, असे सहा ते आठ वेळा. नोव्हेंबर ते जानेवारी हा थंडीचा काळ वेगाच्या सरावाचा आणि स्पर्धांचा. तो वाया घालवू नये, कारण मार्चनंतर आपला सूर्य कोणाला सवलत देत नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस-बेचाळीसच्या पुढे जातो. त्या काळात सूर्योदयापूर्वी धावून मोकळे व्हावे, वेळ लावू नये, आणि अंतर निम्म्यावर आणावे. धावताना अंगावर काटा येणे, घाम अचानक थांबणे, गरगरणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी त्या मुलाला लगेच सावलीत झोपवून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखान्यात न्यावे.

ऑक्टोबरपासून उन्हाळा लागेपर्यंत रस्त्यावर आणखी एक धोका असतो, तो म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरचा. पहाटेच्या अंधारात मागचा दिवा नसलेली, बाजूने ऊस लोंबणारी दोन ट्रॉल्यांची गाडी जवळ येईपर्यंत कळत नाही. समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने धावावे, पांढरा किंवा भडक रंगाचा टी-शर्ट घालावा आणि कानात काहीही घालू नये. ज्यांचे आई-वडील स्वतः ऊसतोडीला गेले आहेत आणि जी मुले सहा महिने घर व धाकटी भावंडे सांभाळून धावतात, त्यांना हे मी सांगायला नको. त्यांच्या वेळापत्रकात मात्र शिक्षकांनी दुपारच्या सत्राचा आग्रह धरू नये. एकच सकाळचे सत्र पुरते.

खाणे, पाणी आणि झोप

धावणे सात वाजता संपते आणि मेस दहाला उघडते. माझ्या पाहण्यात कितीतरी चांगली मुले या तीन तासांत मागे पडली. धावल्यानंतर तासाभरात पोटात काहीतरी गेले नाही तर स्नायूंची झीज भरून निघत नाही आणि दुसऱ्या दिवशी पाय जड राहतात. त्यावर उपाय रात्रीच करून ठेवावा : डब्यात मूठभर हरभरे भिजत घालावेत, दुसऱ्या डब्यात भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा असावा, आणि जमल्यास दोन उकडलेली अंडी किंवा पेलाभर दूध. धावण्यापूर्वी एक केळे पुरे. अर्धापूरची केळी ज्यांच्या गावावरून जातात त्यांना तीही अडचण नाही.

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी आणि शेंगदाण्याची चटणी या जेवणात धावपटूला लागणारे बरेच काही आहे. कमी पडतात ती प्रथिने. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलोच्या मुलाला ६६ ते ८८ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८ ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम आणि शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. सोयाबीन आपल्या शिवारात पिकते आणि वड्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. हजारो रुपयांचे पावडरचे डबे घेण्याआधी हा हिशोब करून पाहावा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेऊ नये, त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही. उलट पालेभाजीवर लिंबू पिळल्यास ते अधिक शोषले जाते. वर्षातून दोनदा रक्त तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन मुलांमध्ये १३ आणि मुलींमध्ये १२ च्या खाली असेल तर सरावाचा कोणताही आराखडा उपयोगी पडत नाही, आधी डॉक्टरांकडून ते वाढवून घ्यावे लागते.

पाण्याचे महत्त्व ज्या प्रदेशात २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे वेगळे सांगायला नको. वसतिगृहात पहाटे नळाला पाणी असेलच असे धरून चालू नये, बाटली रात्रीच भरून ठेवावी. लघवीचा रंग फिकट असणे ही पुरेसे पाणी पोटात जात असल्याची खूण. उन्हाळ्यात लांब धावेनंतर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोट-घोट प्यावे. चवीला लिंबू चालते. झोप आठ तास हवी. एका खोलीत चार-पाच जण असताना ती मिळणे कठीण असते, हे मला माहीत आहे. म्हणून धावणाऱ्या मुलांनी एकत्र खोली मागून घ्यावी आणि साडेनऊला दिवा बंद करण्याचे ठरवावे.

मुलींविषयी दोन गोष्टी स्वतंत्रपणे सांगितल्या पाहिजेत, कारण मैदानावर त्या कोणी बोलत नाही. सराव वाढल्यानंतर सलग तीन महिने पाळी आली नाही तर ती फिटनेसची खूण नव्हे. खाणे कमी पडत आहे आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका आहे, असे समजून डॉक्टरांना दाखवावे. आणि पहाटे रस्त्यावर एकटीने धावावे लागू नये यासाठी तीन-चार जणींचा गट करून, ठरलेला रस्ता व वेळ घरी आणि क्रीडा शिक्षकांना सांगून निघावे. मैदानाचे फाटक पाचला उघडून द्या, अशी मागणी महाविद्यालयाकडे लेखी करावी. तोंडी मागणीचे काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे.

बूट, दुखणे आणि औषधे

बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. साधारणतः ६००-७०० किलोमीटरनंतर तळाचा फेस दबतो, वरून बूट नवा दिसला तरी. स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, फक्त वेगाच्या सरावाला आणि स्पर्धेला वापरावेत. मातीच्या ट्रॅकवर ९ मिलिमीटरचे, सिंथेटिकवर ६ मिलिमीटरचे खिळे लावावेत.

नडगी दुखू लागली तर अंगठ्याने हाडाच्या आतल्या कडेने दाबत जावे. दुखणे वीतभर पसरलेले असेल तर अंतर निम्मे करून, बर्फ लावून, पोटऱ्यांचे व्यायाम करून ते सहसा दोन-तीन आठवड्यांत आटोक्यात येते. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत तीव्र कळ येत असेल, रात्री ठणकत असेल किंवा त्या पायावर उडी मारता येत नसेल तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी धावणे थांबवावे. पहिले दोन-तीन आठवडे असा तडा एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. माझा एक्स-रे स्वच्छ आला, डॉक्टरांनी आराम सांगितला, मी फक्त ‘स्वच्छ आला’ एवढेच ऐकले आणि दोन दिवसांनी पुन्हा धावलो. सहा आठवड्यांचे काम चार महिन्यांवर गेले.

भरतीच्या हंगामात मैदानाच्या कडेला इंजेक्शने आणि गोळ्या यांविषयी कुजबुज चालते. त्यांना हात लावू नये. राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था, म्हणजे नाडा, स्पर्धांमध्ये खेळाडूंचे नमुने घेऊ शकते, आणि शरीरात काय सापडले याची जबाबदारी सर्वस्वी खेळाडूवर असते. ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांतही स्पर्धाकाळात मर्यादेपलीकडे निषिद्ध असलेला स्यूडोएफेड्रिन हा घटक असतो. निषिद्ध पदार्थांची यादी दर वर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते. म्हणून स्पर्धेच्या आठवड्यात औषध घेताना आपण खेळाडू आहोत, हे डॉक्टरांना आधी सांगावे.

स्पर्धा आणि कागदपत्रे

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव येथील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली येथील महाविद्यालये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. पुढे भारतीय विश्वविद्यालय संघाची अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, राज्यातील विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ महोत्सव आणि २०२० पासून सुरू झालेली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा असे टप्पे आहेत. प्रवेश घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांना भेटून पात्रता अर्ज, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, छायाचित्रे आणि ओळखपत्र यांच्या प्रती देऊन ठेवाव्यात. संघात निवड झालेला मुलगा एका कागदासाठी बसमधून खाली उतरलेला मी पाहिला आहे. सत्र परीक्षा आणि स्पर्धा एकाच वेळी आल्यास विभागप्रमुखांना आधी पत्र द्यावे, नंतर नव्हे.

स्पर्धेच्या आधीच्या दहा दिवसांत अंतर निम्म्यावर आणावे, थोडी वेगवान धाव कायम ठेवावी. त्या दिवशी नवे बूट, नवे मोजे किंवा नवा पदार्थ नको. ५००० मीटरला १७ मिनिटांचे लक्ष्य असेल तर ४०० मीटरच्या फेरीला ८१ ते ८२ सेकंद लागले पाहिजेत. बंदूक वाजताच भरतीची मुले पहिली फेरी ७० सेकंदांत काढतील. त्यांना जाऊ द्यावे. आठव्या-नवव्या फेरीपर्यंत ती एकेक करून परत भेटतात. क्रॉसकंट्रीत मात्र वाट लवकर अरुंद होत असेल तर पहिले दोनशे मीटर थोडे जोरात जाऊन जागा धरावी लागते, म्हणून आदल्या दिवशी मार्ग एकदा चालून पाहावा. स्टीपलचेस निवडणाऱ्याने लक्षात ठेवावे की त्यात २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. अडथळा पुरुषांसाठी ९१.४ आणि महिलांसाठी ७६.२ सेंटिमीटर उंच असतो, आणि तो पाय लागला तरी पडत नाही, धावणारा पडतो. आठवड्यातून एकदा, थकलेल्या पायांनी, कधी डाव्या तर कधी उजव्या पायावरून उडी घेण्याचा सराव त्यासाठी पुरेसा असतो.

शर्यत संपल्यावर दहा मिनिटे हळू धावून, पाणी पिऊन, फेऱ्यांच्या वेळा वहीत उतरवाव्यात, विसरण्याआधी. आणि प्रमाणपत्र हातात पडल्यावर ते गुंडाळून पिशवीत टाकण्याऐवजी टेबलापाशीच उभे राहून वाचावे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी होते. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, स्पर्धेचे वर्ष, क्रीडाप्रकार आणि क्रमांक दहावीच्या प्रमाणपत्राशी व निकालपत्रकाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. माझ्या एका प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावातली वेलांटी चुकली होती. ती दुरुस्त करून घेण्यासाठी तीन वेळा बसने जाऊन यावे लागले, आणि तिसऱ्या खेपेस संबंधित साहेब रजेवर होते.